गल्ल्यावरचा सल्ला

दिवेलागणीच्या सुमारास नारायणगाव, मंचर, ओतूर किंवा आळेफाटा येथील एखाद्या कृषी सेवा केंद्रासमोर घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. दिवसभर रानात राबलेला शेतकरी येतो, पिशवीतून टोमॅटोचे करपलेले पान किंवा कांद्याची पिवळी पडलेली पात काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, ‘यावर काय मारायचं?’ काउंटरमागचा विशी-बाविशीचा मुलगा पान उलटून पाहतो न पाहतो, तोच कपाटातून दोन बाटल्या आणि एक पुडा काढून समोर मांडतो. ‘पंपाला तीस मिली टाका. सोबत हे टॉनिक घ्या. चार दिवसांत फरक दिसेल.’ दोन मिनिटांत निदान होते, चिकित्सा होते आणि बिलही होते. ते बिल रोखीने चुकते होतेच असे नाही; पुष्कळदा ते वहीत चढते आणि मालाची पट्टी येईपर्यंत तेथेच राहते.

या दृश्यात वरवर पाहता वावगे असे काही नाही. गिऱ्हाईकाने मागितले आणि दुकानदाराने दिले, असा हा साधा व्यवहार दिसतो. परंतु थोडा विचार केला, तर येथे केवळ बाटलीची विक्री झालेली नाही हे ध्यानात येते. बाटलीबरोबर एक सल्लाही विकला गेला आहे. बाटलीवर कारखान्याचे नाव आहे, तयार झाल्याची तारीख आहे, वापराची मुदत आहे, शासनाच्या नोंदणीचा क्रमांक आहे. सल्ल्यावर मात्र कोणाचेही नाव नाही. तो कोणी दिला, कशाच्या आधारावर दिला आणि चुकला तर जबाबदार कोण, याची नोंद कोठेही राहत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतीचा आज फार मोठा भाग या बिननावाच्या सल्ल्यावर उभा आहे, ही गोष्ट गांभीर्याने घेण्याची वेळ आली आहे.

हे दोन तालुके सामान्य नव्हेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी येथील शेतीचे रूप पालटले. नारायणगावचा टोमॅटो बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. ओतूर आणि आळेफाटा कांद्यासाठी, सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी, तर जुन्नरचा पूर्व भाग द्राक्षांसाठी नावाजलेला आहे. पाणी आले, तशी नगदी पिके आली. नगदी पिके आली, तशा किडी आणि रोगही आले. बाजरी-हुलग्याच्या शेतीत दुकानाची पायरी क्वचितच चढावी लागे. टोमॅटोच्या शेतकऱ्याला ती आठवड्यातून दोनदा चढावी लागते. पीक जितके मोलाचे, तितकी भीती मोठी, आणि भ्यालेला मनुष्य हाती येईल तो आधार धरतो. हा आधार काउंटरमागे उभा असतो.

मग हा आधार देणारा कोण असतो? पुष्कळदा तो मालक नसतो. परवाना एकाच्या नावाने असतो आणि काउंटर दुसराच सांभाळतो. बारावीनंतर कामास लागलेला, हुशार, बोलका आणि कष्टाळू असा हा गावातलाच मुलगा असतो. त्याच्याविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. परंतु मावा आणि तुडतुडे यांतला भेद, बुरशीचा करपा आणि जिवाणूजन्य करपा यांतले अंतर, किंवा वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्यांत मूळ रसायन एकच आहे ही गोष्ट त्याला कोणी शिकवलेली नसते. त्याला जे ठाऊक असते ते कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेले असते. आणि कंपनीचा प्रतिनिधी आपल्या मालाखेरीज दुसऱ्या कोणाच्या मालाचे गुण सांगेल, ही अपेक्षा भाबडेपणाची ठरेल.

अज्ञानाला अशी पक्षपाताची जोड मिळाली की प्रश्न बिकट होतो. ज्या मालावर सुटीचे प्रमाण अधिक, ज्याची ‘योजना’ चालू आहे, ज्याचा खप एका ठराविक आकड्यापर्यंत नेल्यास बक्षीस किंवा सहल मिळणार आहे, तो माल कपाटाच्या दर्शनी कप्प्यात येतो आणि तोच ओठांवरही येतो. ज्याची मुदत संपत आली आहे तो आधी खपवावा लागतो. शेतकऱ्याच्या रानात कोणता रोग आहे, यापेक्षा दुकानात कोणता साठा आहे, यावरून चिकित्सा ठरू लागते. सल्ला देणाऱ्याचे पोट विक्रीवर अवलंबून असेल, तर ‘यावर काहीही मारू नका, चार दिवस थांबा’ हा सल्ला त्याच्या तोंडून कसा यावा? आणि शेतीत पुष्कळदा नेमका तोच सल्ला खरा असतो.

विक्रेत्याच्या अज्ञानाची आणि पक्षपाताची तक्रार काही शेतीपुरती मर्यादित नाही. शहरातील मोबाइलच्या दुकानात विशिष्ट कंपनीचाच संच गळ्यात मारणारा विक्रेता सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेमच्या दुकानांचे उदाहरण तर बोलके आहे. गेमस्टॉप या तेथील मोठ्या साखळीतील कर्मचाऱ्यांना वापरलेले गेम, सभासदत्व आणि आगाऊ नोंदणी यांच्या विक्रीची ठरीव उद्दिष्टे दिली जातात, आणि त्यापायी नवा गेम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मिळू नये अशी वागणूक काही जण करतात, असे वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि बरीच टीका झाली. मुलाला वाढदिवसाची भेट घ्यायला आलेल्या आईला गेममधले काहीही कळत नसते. ती विक्रेत्याच्या शब्दावर विसंबते. करपलेले पान घेऊन आलेला शेतकरी आणि ती आई यांची अगतिकता एकाच जातीची आहे. मात्र परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गेम चुकीचा निघाला तर मुलाचा एक दिवस हिरमोड होतो. औषध चुकीचे निघाले तर कुटुंबाचा एक हंगाम जातो.

या जाण्याची उदाहरणे फार दूर शोधावी लागत नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या भागांत टोमॅटो एकसारखा पिकेना. फळांवर पिवळे, हिरवे, लाल पट्टे उमटू लागले. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा ‘कुकुंबर मोझॅक’ नावाचा विषाणू आणि त्यासोबत इतरही विषाणू आढळले. विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला मारणारी कोणतीही फवारणी नाही. त्याला पसरविणाऱ्या माव्याला वेळीच आवर घालणे, रोगट झाडे उपटून टाकणे आणि निरोगी रोपे निवडणे, एवढाच उपाय उरतो. हे ज्ञान वेळेवर आणि नि:पक्षपणे पोचले तर कित्येक फवारण्यांचा खर्च वाचतो. पण ‘व्हायरसवर औषध आहे का?’ असे विचारणाऱ्या हवालदिल माणसाला ‘नाही’ असे उत्तर देऊन रिकाम्या हाताने परत पाठविण्यासाठी विक्रेत्यापाशी ज्ञान लागते, आणि त्याहून अधिक नीतिधैर्य लागते.

दुसरे उदाहरण द्राक्षांचे. २०१० साली भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले, माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. तेव्हापासून मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी याचे कोष्टक, यांना निर्यातदार बागायतदार पोथीसारखे जपतात. चूक महाग पडली म्हणून शिस्त आली. परंतु देशी बाजारासाठी पिकणाऱ्या टोमॅटोला, वांग्याला किंवा कोथिंबिरीला असे कोष्टक कोण विचारतो? पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात जाणारी भाजी फवारणीनंतर किती दिवसांनी तोडली, हा प्रश्न काउंटरवर सहसा निघत नाही. युरोपातल्या ग्राहकाच्या पोटाची काळजी घेणारी शिस्त आपल्याच माणसांच्या पोटासाठी मात्र लागू नसावी, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत दु:खद. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या प्रकरणाची कारणे अनेक होती. पण अनेक रसायनांची हवी तशी मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची चर्चा त्या वेळी राज्यभर झाली. आपली भाषाच येथे आपल्याला फसविते. जे विष आहे त्याला आपण ‘औषध’ म्हणतो. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते अतिशय विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा त्याहून कमी आणि हिरवा सर्वांत कमी, हा साधा संकेत किती काउंटरवर समजावून सांगितला जातो? पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला आणि बादलीत औषध कालवणाऱ्या बाईला तर दुकानाची पायरीही चढायची नसते. त्यांच्यापर्यंत पोचते ते केवळ ‘पंपाला तीस मिली’ एवढे वाक्य. डब्यावरील मात्रा हेक्टरी आणि पाण्याच्या प्रमाणात दिलेली असते. पाठीवरचा पंप, एसटीपी आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर यांना पाणी वेगवेगळे लागते. म्हणजे ते एक वाक्यही पुष्कळदा अपुरेच ठरते.

कायदा नाही असे नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखालील नियम १९७१ चे. डब्यासोबत माहितीपत्रक असलेच पाहिजे, ते हिंदी-इंग्रजीखेरीज प्रादेशिक भाषेतही छापले पाहिजे, त्यात पीक, कीड, वापराची रीत, धोक्याची सूचना आणि उतारा दिलेला असला पाहिजे, असे नियम सांगतात. विक्री पावतीवरच झाली पाहिजे, हाही नियम आहे. २०१५ साली विक्री परवान्यासाठी शास्त्र शाखेच्या शिक्षणाची अट घालण्यात आली. जुन्या परवानाधारकांना मुदत आणि पुढे अल्पकालीन अभ्यासक्रमांची सवलत मिळाली. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने तर २००३ पासूनच विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाचा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्यात ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी असतात, आणि तो सुटीच्या दिवशी चालतो, म्हणजे दुकान बंद ठेवण्याची सबब उरत नाही. हे सर्व स्तुत्य आहे. तथापि, अट परवान्याला आहे, काउंटरला नाही. प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लटकते आणि त्याच्याखाली उभा राहून सल्ला देतो तो भलताच. औषधांच्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज दुसऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, असे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. शेतीच्या औषधांना तर मुळात डॉक्टरांची चिठ्ठीच नसते! येथे चिठ्ठी लिहिणारा आणि ती विकून पैसे घेणारा एकच असतो.

आता दुकानदारांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. सरकारी यंत्रणा जेथे पोचत नाही तेथे दुकानदार पोचला, हे सत्य नाकारता येणार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली शेतकरी कुटुंबांना विचारले, तेव्हा शेकडा १३ कुटुंबांनी शेतीची माहिती निविष्ठा विक्रेत्यांकडून मिळत असल्याचे सांगितले; शासकीय विस्तार कार्यकर्त्याचे नाव घेणारी कुटुंबे शेकडा ६ देखील नव्हती. रात्री आठ वाजता उघडे असते ते दुकान, कार्यालय नव्हे. शेतकऱ्याला हंगामभर उधार देतो तो दुकानदार. भाव कोसळला की त्याचीही वसुली बुडते. २०२३ साली राज्य शासनाने बोगस बियाणे, खते आणि कीटकनाशकांविरुद्ध कडक शिक्षेची विधेयके मांडली, तेव्हा राज्यातील विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. सीलबंद डब्यातला माल निकृष्ट निघाला तर दोष उत्पादकाचा, शिक्षा आम्हाला का, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त आहे. परंतु त्याच न्यायाने दुसरा सवालही उभा राहतो. डबा सीलबंद येतो, सल्ला सीलबंद येत नाही. तो दुकानातच तयार होतो. मग त्याची जबाबदारी दुकानाने का घेऊ नये?

उधारीचा उपकार हा उपकारच असतो असेही नाही. ज्याच्या वहीत नाव आहे, त्याच्याच दुकानातून माल घ्यावा लागतो. भाव विचारता येत नाही, शंका काढता येत नाही. ‘हे टॉनिक नको’ असे म्हणण्याचे बळ कर्जदारापाशी नसते. या टॉनिकांच्या नावाखाली जे काही खपत आले, त्याला २०२१ साली खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले गेले. ते फार पूर्वीच व्हायला हवे होते. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील भाताच्या शेतकऱ्याची स्थिती तर अधिकच अडचणीची. त्याच्या आसपास दुकाने थोडी, निवड त्याहून थोडी.

मग करावे काय? पहिला उपाय साधा आणि बिनखर्ची आहे. काउंटरवर दिलेला सल्ला कागदावर आला पाहिजे. पीक कोणते, कीड किंवा रोग कोणता समजला, औषधातील मूळ घटक कोणता, मात्रा किती, फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये आणि सल्ला कोणी दिला, एवढ्या सहा गोष्टी बिलाच्या पाठीवर लिहून खाली सही करावी. ज्याला खात्री आहे तो सही करील. ज्याला नाही तो ‘एकदा तज्ज्ञाला दाखवा’ असे म्हणेल. दोन्हींत शेतकऱ्याचे हितच आहे. शिवाय बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हाही ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात दिला आहे. दाद मागायची तर पुरावा लागतो, आणि तोंडी सल्ल्याचा पुरावा कोठून आणणार?

दुसरा उपाय असा की, विकणारा आणि सांगणारा यांची फारकत व्हावी. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी विभागाची तालुका कार्यालये आहेत. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा येथे बाजाराच्या आवारांत शेतकरी पहाटेपासून जमतो. त्या आवारात हंगामाच्या दिवसांत, ज्याला काहीही विकायचे नाही असा जाणकार माणूस एका टेबलाशी का बसू नये? बाजार समित्या शेतमालावर सेस घेतात. त्यातला थोडा अंश शेतकऱ्याचे पान तपासण्यावर खर्च झाला, तर तो सत्कारणीच लागेल.

तिसरा उपाय विक्रेत्यांच्या संघटनांनी स्वत:च हाती घ्यावा. मालकांनी पदविका मिळविली, तशी काउंटरवरच्या मुलांनाही ती मिळवून द्यावी. किमान लाल-पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ, मूळ घटकाचे नाव आणि प्रतीक्षेचे दिवस, एवढे ज्याला सांगता येत नाही त्याला काउंटरवर उभे करू नये. दुकानाची पत दर्शनी पाटीवर ठरत नाही. तेथून ‘आज काही घेऊ नका’ असे ऐकून परतलेल्या गिऱ्हाइकावर ठरते. तो गिऱ्हाईक पुढच्या हंगामात नक्की परत येतो, हे जुन्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

आणि शेवटचा उपाय शेतकऱ्यापाशीच आहे. बैल घेताना दात पाहणारा, जमीन घेताना सातबारा दहादा वाचणारा, बटाट्याचे बियाणे कापून पाहणारा हा चिकित्सक माणूस विषाची बाटली मात्र न वाचता का घेतो? घरात शिकलेली मुले-मुली आहेत. माहितीपत्रकातील बारीक अक्षरे त्यांच्याकडून वाचून घ्यावीत. ‘यावर काय मारायचं?’ हा प्रश्न बदलून ‘हे काय झालं आहे, आणि तुला कशावरून वाटतं?’ असा प्रश्न काउंटरवर विचारला जाऊ लागला, तर निम्मे काम होईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाटली असते. दुसऱ्याचे उत्तर ज्ञान असावे लागते.

पाच धरणांचे पाणी या तालुक्यांच्या रानात आणण्यासाठी समाजाने कोट्यवधी रुपये खर्चिले आणि कित्येक गावे पाण्याखाली दिली. त्या पाण्यावर वाढलेले पीक काउंटरवरच्या दोन मिनिटांच्या अंदाजावर सोपवून देणे, हा त्या त्यागाचाही अनादर आहे. दुकाने हवीत, दुकानदारही हवेत. परंतु त्यांनी सल्ला द्यायचा असेल, तर त्याखाली सही करण्याची तयारी ठेवावी. ज्या सल्ल्याखाली सही करता येत नाही, तो गिऱ्हाइकाच्या पदरात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.